निळीविना रांजण

१० ऑगस्ट १९१५, मंगळवार, आषाढ अमावास्या. त्या दिवशी म्हैसूरच्या आमच्या रंगारी समाजाच्या पेटीतून अंबुबाईंना तीन रुपये द्यायचे होते, ते दिले गेले नाहीत. त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीचे हात निळे आढळले, असे कारण लिहिले गेले.

ते मीच लिहिले. कमर्शियल शाळेतून हिशेबलेखन शिकून मी नुकता बाहेर पडलो होतो आणि समाजाचे जमाखर्च बिनपगारी लिहून देत होतो. अंबुबाईंबद्दल गल्लीत पुष्कळ बोलले गेले, त्यातले बरेचसे वाईट होते आणि काही खरेही होते. त्या गोड स्वभावाच्या नव्हत्या. त्यांना जाऊन आता बारा वर्षे झाली. पुढच्या वर्षी मी नोकरीतून मोकळा होईन, पण लिहायचे ते त्याआधीच लिहून ठेवतो.

पेटीची हकिकत आधी सांगितली पाहिजे. आमची गल्ली अग्रहाराच्या, म्हणजे ब्राह्मणवस्तीच्या, मागच्या अंगाला. सगळी घरे रंगाऱ्यांची. मोठ्या दुष्काळात माणसे पटापट मरू लागली, तेव्हा म्हाताऱ्यांनी देवीच्या देवळात एक पेटी ठेवली. ज्याच्या घरी रंगाचा रांजण चालू असेल त्याने रांजणामागे महिन्याला एक आणा टाकायचा, आणि ज्याचे घर बसले असेल त्याला त्यातून मदत द्यायची. खोटी मदत कुणी उचलू नये म्हणून एक साधी परीक्षा ठरवली. अमावास्येला आम्ही रांजण उघडत नाही. त्या दिवशी पंच देवळाच्या ओट्यावर बसत आणि मदत घेणाऱ्याने येऊन हात दाखवायचे. रंगाऱ्याचा हात खोटे बोलत नाही. आठवडाभर काम केले तरी नखांच्या कडांत रंग राहतो. हात कोरा म्हणजे घर बसले आहे, हात रंगलेला म्हणजे घर कमावते आहे. दुष्काळात हा नियम चांगला होता. पुढे दुष्काळ गेला, नियम राहिला, आणि तो चालवणारी माणसे जाडजूड झाली.

त्यांतले सर्वांत जाड नागोजीराव. समाजाच्या प्रमुखाला इकडे यजमान म्हणतात. नागोजीराव आमचे यजमान होते. युद्ध सुरू होण्याच्या वर्षभर आधी त्यांनी जर्मन रंगाचे डबे भरून ठेवले होते. युद्धामुळे नवा माल बंद झाल्यावर तोच डबा ते सहापट किमतीला गल्लीतल्याच लोकांना उधारीवर विकत. ज्यांना परवडेना ते पुन्हा जुन्या निळीच्या रांजणांकडे वळले. अशा रीतीने निम्मी गल्ली त्यांची देणेकरी होती आणि पंचांच्या ओट्यावर मधली जागा त्यांची होती. उजवीकडे शंभूराव, वयाने सर्वांत मोठे, बहुतेक वेळ डुलक्या घेणारे. डावीकडे रघुनाथराव. नागोजीरावांच्या कारखान्याला लागून त्यांचा कारखाना, मधली भिंत सामाईक, आणि त्या भिंतीवरून दोघांचे वीस वर्षांचे वैर.

अंबुबाईंचे माहेर तलकाडचे. नवरा दामोदरराव तापाने गेला तेव्हा तुंगा आठ वर्षांची होती. ही एकच मुलगी. ती बोलत नसे, उजवा पाय ओढत चाले, तिला फेफरे येत. बिथरली की स्वतःचे मनगट चावी आणि ओरडे. ते ओरडणे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. पेटीतून विधवा म्हणून अंबुबाईंना दोन रुपये आणि मुलीच्या नावाने तीन रुपये मिळू लागले. १९१५च्या संक्रांतीला त्या नागोजीरावांच्या कारखान्यात कापड खळबळून पिळायच्या कामाला लागल्या. लगेच पुढच्या अमावास्येला देवळात येऊन त्यांनी आपले निळे हात पंचांच्या नाकासमोर धरले.

"माझे हात रंगले. माझे दोन रुपये आता तुम्हीच खा," त्या म्हणाल्या. "तुंगाचे तीन तेवढे द्या."

कारखान्यात बाईमाणसाला रोज तीन आणे मिळत. नागोजीराव अंबुबाईंना दोनच देत. खुळी पोर बरोबर आणते, तिची अडचण सोसावी लागते, म्हणून एक आणा कापून. अंबुबाईंनी ते ऐकून घेतले, कारण मुलीला घरी एकटी ठेवायची तर खाटेला बांधून ठेवावी लागली असती. आणि कारखान्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. निळीचा रांजण जमिनीत पुरलेला असतो, कोमट ठेवलेला, आंबूस वासाचा. तुंगा एकदा त्याच्या कडेला बसली आणि तिने दोन्ही हात आत घातले. त्यानंतर दिवसभर ती ओरडली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. कामाच्या रांजणात हात घालू देणे शक्य नव्हते. कोपऱ्यात एक उतरलेला, जवळजवळ निकामी झालेला रांजण होता, त्याच्यापाशी ती बसू लागली. हात बाहेर काढी तेव्हा ते हिरवट दिसत आणि हवा लागली की बघता बघता निळे होत. त्याकडे ती टक लावून बघे आणि पुन्हा बुडवी.

हे सात महिने चालले. नागोजीराव रोज येता-जाता बघत होते.

मग आषाढ अमावास्या आली. तुंगाचे पैसे नेहमी नुसते नाव पुकारून दिले जात, मुलीला आणा असे कुणी म्हणत नसे. त्या दिवशी नागोजीरावांनी तुंगाला समोर बोलावले आणि मेलेला उंदीर धरावा तसे तिचे मनगट दोन बोटांत धरून वर केले.

"काय गं अंबू, हे काय?"

"हात आहेत, यजमान."

"ते दिसतंय मला. रंग कुठला?"

"तुमचाच. तुमच्याच कोपऱ्यातल्या रांजणातला."

"म्हणजे पोरगी हात चालवते."

"तिला तहान लागली तर पाणी मागता येत नाही. ती काय हात चालवणार?"

शंभूराव जागे झाले आणि पुढे वाकून म्हणाले, "नखांतसुद्धा आहे. हे एक-दोन दिवसांचं नव्हे."

"नियम म्हणजे नियम," नागोजीराव म्हणाले. "तुझे हात रंगले तेव्हा तूच मोठ्या तोऱ्यात दोन रुपये सोडलेस ना? मग हिचे रंगले तर रडतेस का?"

"मी रडत नाही. रडायचंच झालं तर तुमच्यापुढे येऊन रडणार नाही."

"ऐक माझं. बंगळुरात वेड्यांच्या इस्पितळात अशांना ठेवून घेतात. सरकार जेवण घालतं, कपडा देतं. गाडीभाडं मी भरतो. गल्लीलाही झोप लागेल."

"बरीच माहिती आहे, यजमान. तुमच्या घरचं कोण असतं तिथं?"

ओट्याखाली बसलेल्या बायकांत हसू फुटले. नागोजीराव रागावले की कन्नडात जात. "सुम्मने इरु," ते गरजले, म्हणजे गप्प बस, आणि त्यांनी निवाडा सांगितला: मुलगी कमावते, मदत बंद. मी तो लिहिला. यजमानांनी निळीत अंगठा बुडवून कागदावर उठवला. देवीसमोर निळा अंगठा उठला की तो निवाडा फिरवायचा नाही, अशी आमची रीत होती. रघुनाथरावांनी अंगठा वाळेपर्यंत कागदाकडे बघितले.

दुसऱ्या दिवशी अंबुबाई कामावर गेल्या तर नागोजीरावांनी त्यांना दारातूनच परत पाठवले.

आता त्यांची स्थिती काय होती ते समजून घेणे कठीण नाही. मजुरी गेली, तीन रुपये गेले. दुसऱ्या कुणाच्या घरी धुणीभांडी धरायची तर तुंगाला नेता येत नव्हते. तिला बांधून ठेवणे किंवा बंगळूरला पाठवणे, एवढे दोनच रस्ते नागोजीरावांनी उघडे ठेवले होते, आणि त्यांना दुसराच हवा होता. त्यांच्या धाकट्या मुलीसाठी पाहुणे यायचे होते. अंबुबाईंचे घर त्यांच्या माडीच्या खिडकीसमोर होते. पाहुणे जेवायला बसले आणि समोरून ते ओरडणे सुरू झाले तर शोभले नसते. हे त्यांनी स्वतः माझ्यापाशी बोलून दाखवले होते, शरम न वाटता.

अंबुबाईंनी तांब्याचा हंडा गहाण ठेवला. हात कोरे होईपर्यंत तुंगाला रांजणापासून दूर ठेवायचे त्यांनी ठरवले. पहिले चार दिवस त्या घरातून जे ऐकू येत होते ते मी लिहीत नाही. मुलीने मनगटाचा चावून लगदा केला. कोमट पाण्याची घागर पुढे ठेवली तर ती तिने लाथाडली. कोमट पेज ठेवली तर तीतही हात घालीना. पाचव्या दिवशी अंबुबाईंनी अंगणात एक जुना रांजण पुरला. टाकळ्याचे बी शिजवून त्यात ओतले, गूळ टाकला, चिमूटभर चुना टाकला आणि वर झाकण घालून बाजूला गोवऱ्यांची ऊब ठेवली. निळीचा रांजण आंबवायचा तो असाच. फक्त नीळ घातली नाही.

तिसऱ्या दिवशी रांजण आंबला आणि वास सुटला. तुंगा पाय ओढत आली, कडेला बसली आणि तिने हात आत घातले. घर शांत झाले.

वास मात्र सगळ्या गल्लीत पसरला. रंगाऱ्याच्या नाकाला तो वास कळायला वेळ लागत नाही. नागोजीरावांनी माडीवरून तो घेतला आणि त्यांना काय आनंद झाला असेल याची मी कल्पना करू शकतो. बाईने घरी चोरून रांजण लावला आहे, पेटीला आणा देत नाही, आणि पोरीचे हात त्यात आहेत. त्यांनी उरलेल्या दोघा पंचांना बोलावले, मला दप्तर घेऊन यायला सांगितले आणि सगळी वरात अंबुबाईंच्या अंगणात शिरली. निम्मी गल्ली मागे.

तुंगा रांजणापाशी बसलेली होती. हात कोपरापर्यंत आत.

"अंबू, हा काय प्रकार?"

"रांजण आहे."

"कुणाला विचारून लावलास?"

"माझ्या अंगणात खड्डा खणायला कुणाला विचारू?"

"रंगाचा रांजण लावला की पेटीला आणा द्यावा लागतो. एवढं तुला ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे. रंगाचा असेल तर घ्या की आणा."

"वास काय खोटा आहे? मला बनवतेस? पन्नास वर्षं रांजणावर काढलीत मी."

"मग बघा हात घालून. पन्नास वर्षं घातलात, अजून एकदा घाला."

नागोजीरावांच्या अंगावर धुतलेले पांढरे धोतर आणि जरीकाठी उपरणे होते. त्यांनी उपरणे माझ्या हातात दिले, खाली बसले आणि तुंगाच्या हातांशेजारी आपला उजवा हात दंडापर्यंत रांजणात घातला. तळ ढवळला. मग हात बाहेर काढून उभे राहिले आणि तो सगळ्यांना दिसावा म्हणून वर धरला.

हात पिवळट होता, ओघळत होता. निळीतून काढलेला हात पहिल्यांदा तसाच दिसतो. रंग हवेत चढतो. म्हणून सगळे थांबले. अंगणात वीस-पंचवीस रंगारी होते. त्यांतल्या कुणालाही वाटले नाही की बघण्यासारखे काही उरले आहे. आता हिरवा होईल, मग निळा होईल, हे प्रत्येकाला जन्मापासून माहीत होते. नागोजीराव हात वर धरून उभे. ओघळ कोपरावरून काखेत गेला. हात पिवळटच.

"ऊन कमी आहे," शंभूराव म्हणाले.

"फुंकर घाला," मागून कुणीतरी म्हणाले.

नागोजीरावांनी खरोखरच फुंकर घातली. मग हात वाळला. वाळल्यावर तो नागोजीरावांच्या नेहमीच्या हातासारखा दिसू लागला; फक्त घाणेरडा वास येत होता.

"नीळ घातलेलीच नाही," रघुनाथराव सावकाश म्हणाले. त्यांचा चेहरा मी कधी इतका प्रसन्न पाहिला नव्हता.

"घालू कुठून?" अंबुबाई म्हणाल्या. "नीळ महाग करून ठेवलीत तुम्ही. नुसता वास फुकट आहे, तो पोरीला देते."

एक म्हातारी पदरात तोंड घालून हसू लागली आणि मग कुणालाच आवरले नाही. नागोजीरावांनी माझ्या हातातले उपरणे ओढून घेतले, त्याच हाताने. ते उपरणे पुढे कधी त्यांच्या अंगावर दिसले नाही.

पुढच्या अमावास्येला अंबुबाई देवळात आल्या. तुंगाचे हात त्यांनी स्वतःच पुढे केले. नखे पांढरी होती, मनगटावर खपल्या होत्या.

"कोरे आहेत," रघुनाथराव म्हणाले. "या महिन्यापासून मदत चालू. लिहा."

नागोजीराव तोंड फिरवून बसले होते. हे इथेच संपेल अशी त्यांची अपेक्षा असावी.

"आता माझं दुसरं काम," अंबुबाई म्हणाल्या. "मागच्या अमावास्येला पंचांनी ठरवलं, तुंगा कमावते. यजमानांचा अंगठा आहे. कमावते तर कुणाच्या रांजणावर? यजमानांच्या. तिची मजुरी कुठाय?"

"कसली मजुरी?" नागोजीराव वळले. "नुसती हात बुडवून बसायची ती."

"म्हणजे काम करत नव्हती?"

"एक काहीतरी सांगा, यजमान," रघुनाथराव म्हणाले. "काम होतं की नव्हतं? नव्हतं म्हणालात तर अंगठा खोटा होतो. देवीसमोरचा."

"आणि अजून एक," अंबुबाई म्हणाल्या. "खुळी पोर सोसतो म्हणून माझ्या मजुरीतला आणा कापत होता तुम्ही. कारखान्यात पोर बिनकामाची, देवळात आली की कमावती. अशी पोर माझ्याकडे एकच आहे, यजमान, आणि ती दोन्हीकडे तुमच्याच फायद्याची कशी?"

नागोजीरावांनी शंभूरावांकडे बघितले. शंभूरावांनी डोळे मिटले. नागोजीरावांनी ओट्याखाली बघितले. तिथे त्यांचे निम्मे देणेकरी बसले होते, आणि यजमान एकदाच का होईना देणेकरी झालेला त्यांना बघायचा होता. अंगठा खोटा म्हणवून घेतला असता तर मधली जागा त्याच दिवशी गेली असती.

"पोरासोरांचा रोज एक आणा असतो," नागोजीराव शेवटी म्हणाले. "हिशेब करा."

मी केला. खाडे वगळून एकशे पंचाहत्तर दिवस, रोज एक आणा, दहा रुपये पंधरा आणे. पंचांनी मान्य केला. नागोजीरावांनी दुसऱ्या दिवशी गड्याकरवी दहा रुपये सात आणे पाठवले आणि निरोप दिला की, मुलीने रांजणातली नीळ अंगाला लावून नेली, तिचे आठ आणे कापले आहेत.

अंबुबाईंनी गड्यासमोर पैसे दोनदा मोजले. "सांग तुझ्या धन्याला," त्या म्हणाल्या, "आठ आणे राहिले."

रघुनाथरावांनी त्यांना आपल्या कारखान्यात तीन आण्यांवर ठेवले आणि बिननिळीचा रांजण सामाईक भिंतीला लागून पुरू दिला. ही दया होती असे कुणी समजू नये. वास भिंतीपलीकडे जावा, एवढाच त्यांचा हेतू होता, आणि तो जात असे. तुंगा तीन वर्षे त्या भिंतीपाशी बसली. बंगळूरला गेली नाही. खाटेला कधी बांधली गेली नाही. दर अमावास्येला पंच तिचे हात उलटसुलट करून बघत. नियम काही कुणी बदलला नाही. एकदा तिने शंभूरावांचा अंगठा चावला.

१९१८च्या साथीत आश्विन महिन्यात तुंगा गेली. नागोजीरावांनी त्याच अमावास्येला तिचे नाव कमी करायला लावले. तिला जाऊन तिसरा दिवस होता. अंबुबाई देवळात आल्याच होत्या.

"आता कशाला आलीस?" नागोजीरावांनी विचारले. "पोर गेली. आता कसले पैसे?"

"पोरीच्या नावाचे नकोत. तिच्या मजुरीतले आठ आणे राहिलेत."

त्या दिवशी ते त्यांनी दिले नाहीत. पुढेही दिले नाहीत. अंबुबाई दर अमावास्येला त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहत आणि मोठ्याने मागत, सण असो, पाहुणे असोत. एकदा नागोजीरावांच्या बायकोने कंटाळून नवऱ्याला न सांगता एक रुपया पुढे केला. अंबुबाईंनी विचारले, "हा दान की देणं?" बाई म्हणाल्या, "दान समज." अंबुबाईंनी रुपया उंबऱ्यावर ठेवला आणि त्या घरी गेल्या.

नागोजीराव १९३१ साली वारले, अंबुबाई १९३७ साली. दोघांनी एकमेकांना काहीही माफ केले नाही आणि त्यांनी करायला हवे होते असे मला वाटत नाही. नागोजीरावांच्या मुलाला मी दोनदा पत्र लिहून ही बाकी कळवली. दुसऱ्या पत्राला त्याने उत्तर दिले की, वडिलांचा व्यवहार वडिलांबरोबर गेला.

नागोजीरावांच्या घराकडून तुंगाच्या मजुरीपैकी आठ आणे येणे आहेत.